बायडाबाईचे चार तांबे

लिंबागणेशात बायडाबाईच्या हातावर जन्मलेल्यांची एक पंगत बसवली, तर वाढणारे थकतील. त्या पंगतीत मीही आहे. निजामाचा अंमल होता, मी नऊ दिवसांची होते आणि घरात सगळं असून उपाशी मरायला टेकले होते. तेही आजीच्या मायेपायी!

बायडाबाई आमच्या गावची सुईण. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. डोंगरात जाऊन शतावरीच्या मुळ्या स्वतः खणून आणायची. सोबत कुणी नको, लोक फार बडबडतात म्हणे. मुळ्या ठेचायच्या, बाळंतशेपा आणि गूळ घालून काढा उकळायचा, म्हणजे बाळंतिणीला दूध उतरतं. हुकूम एकच, दिवसाला चार तांबे प्यायचा.

आमच्या घरात मात्र आजीचा, भिवराबाईचा, हुकूम चालायचा. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, पोट सुटतं. एवढं पातळ औषध तिला कसं पटावं? तिनं चार तांबे काढा आटवून वाटीभर केला आणि आईला पळीपळीनं पाजला. वर शेजारणीला सांगितलं, की बायडाबाईला काढा करताच येत नाही.

आईचं दूध आटलं. मी रडरड रडले, मग रडायचीही थांबले. बीडचा सरकारी दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. माझे वडील मोहनराव घाबरून बायडाबाईकडे धावले.

तिनं आल्याआल्या मला पाहिलं, आईचे फुटलेले ओठ पाहिले. वडिलांना शेळीचं दूध काढायला पिटाळलं आणि घागरीकडे वळली. आजी आडवी आली.

"पानी न्हाई द्यायचं. माझा काढा हाय की, लई दाट केलाय."

बायडाबाईनं वाटी हुंगली. "असं? मंग तुमी बी घ्या दोन पळ्या. सासूनं घेतला की सुनंला लवकर लागू पडतो."

आजी भोळी. तिनं घेतला, आणि तोंड वाकडं करून ओरडली, "पानी द्या!"

बायडाबाई घागरीपुढं मांडी ठोकून बसली. "न्हाई. पोट सुटतंय."

"अवो, घसा जळतोय माझा!"

"सूनबाईचा नऊ दिस जळतोय. कावून दिलं न्हाई तिला?"

दारातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दूध घेऊन आलेल्या वडिलांनाही हसू आवरेना. आजी मात्र उठली, तांब्या भरला आणि स्वतः न पिता आईच्या तोंडाला लावला.

"माझी पयली पोर अशीच गेली, बायडाबाई," ती म्हणाली. "मी पानी मागत व्हते. सासू म्हनली, पानी मागतीस म्हनून दूध येत न्हाई. मी मागायचं बी सोडलं."

तेव्हा कुणी हसलं नाही.

दोन दिवस मला शेळीच्या दुधात बुडवलेल्या कापसावर जगवलं. तिसऱ्या दिवशी आईला दूध उतरलं. आजी आता चाराऐवजी पाच तांबे पाजायला लागली. तांब्या दिसला की पळून जावंसं वाटायचं, असं आई सांगायची. बायडाबाईनं एक कमी करायला सांगितलं, पण आजी ऐकते कुठं!

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव आजीनंच ठेवलं, वच्छला. पहिल्या पोरीसाठी तिनं ते मनात धरून ठेवलं होतं. ती पोर बारशापर्यंत पोचलीच नव्हती.