हात मांडीवर

संघटनेचं संगणकाचं काम सांभाळणारी ताई कीबोर्डवरची शेवटची कळ दाबायची आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायची. आम्हालाही ठेवायला लावायची. "ओ पुढारी, हात मांडीवर! आता मशीनले काम करू दे." अमरावतीतल्या आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत एरवी भाषणं ठोकणारी आम्ही पोरं पहिलीतल्यासारखी गप्प बसायचो.

नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांतल्या बाया आमच्याकडे मोबाइलवरून तक्रारी नोंदवत. पत्रकार, अधिकारी त्या तक्रारी एपीआयमधून, म्हणजे संगणकाच्या खिडकीतून, मागवत. मध्ये प्रॉक्सी बसवलेली, म्हणजे दारावरची पहारेकरीणच. तक्रार बाहेर सोडायची, बाईचं नाव आत ठेवायचं. कारण नाव ठेकेदाराला कळलं की दुसऱ्या दिवशी गेट बंद. विचारपूस नाही, कागद नाही. आणि याला हे लोक शिस्त म्हणतात!

या प्रॉक्सीतले बदल आम्ही थेट चालू सर्व्हरवर हातानं करायचो; एक अक्षर चुकलं तरी नाव बाहेर. ताईनं ते पाहिलं आणि भडकली. "काहून रे, बायांच्या पोटावर हात साफ करून राहिले का तुमी?" मग तिनं एक कमांड लिहिली. बदल आपापल्या लॅपटॉपवर करायचा, कमांड द्यायची, पुढचं सगळं आपोआप. आधी चाचणीचा सर्व्हर, तिथं एक खोटी तक्रार, ती नावाशिवाय बाहेर पडली तरच बदल खऱ्या सर्व्हरवर चढणार. हातानं काही करायची मुभा तिनं सगळ्यांची काढून घेतली. स्वतःचीसुद्धा.

मोर्चाच्या सकाळी तिचाच बदल अडकला. पडदा लाल, पत्रकार खोळंबलेले. मी ओरडलो, "ताई, तूच बनवलंय ना हे? ढकल की पुढे!" ती खुर्चीत मागे रेलून खदखदून हसली. "पाह्य ना, मलेच अडवलं त्यानं! लय गुणाचं लेकरू हाय." आणि शांतपणे चूक शोधत बसली. हातात आलेली सत्ता अशी हसत सोडणारा माणूस मी चळवळीतही पाहिलेला नाही.

त्या खोट्या तक्रारीत नाव होतं शेवंताबाई. कोण ही, मी विचारलं.

"माही माय."

शेवंताबाई अशाच एका कारखान्यात धागे कापायच्या. संडासाच्या दाराला कडी नाही, एवढंच बोलल्या होत्या. नाव फुटलं, काम गेलं. "मायचं नाव टाकलं का आपला जीव त्याच्यात राह्यते," ताई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

पुढे ती नोकरीसाठी अकोल्याला गेली. निरोपाचं भाषण करू दिलं नाही. मला लॅपटॉपसमोर बसवून कमांड द्यायला लावली, माझे हात कुठे आहेत ते पाहिलं आणि बसस्टँडकडे निघाली.

परवा प्रत्येक तक्रारीला गावाचं नाव जोडायचं होतं. बाहेर घोषणा सुरू, मी घाईत. कमांड दिली. पडदा लाल झाला आणि ताईनं केव्हातरी लिहून ठेवलेली ओळ उमटली, "थांब. शेवंताबाईचं नाव दिसून राहिलं."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "झालं का रे?"

"नाही," मी म्हणालो. माझे दोन्ही हात मांडीवर होते.