शेपटीला धरलेला समोसा

दिल्लीत हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आम्हा नवराबायकोचं मराठी ऐकून एक बाई आपणहून शेजारी येऊन बसल्या. समोसासुद्धा त्यांनी टोकाला चिमटीत धरून उचलला, शेपटी धरावी तसा. नाव सांगितलं नाही, काम सांगितलं: उंदरांच्या अंगात कॅन्सरची गाठ वाढवायची आणि मग ती घालवायची.

“गाठीतल्या पेशी घरच्याच असल्याचं सोंग आणतात हो. आम्ही इंजेक्शन देऊन ते सोंग उतरवतो. मग शरीरातल्या पहारेकरी पेशी त्यांना ओळखतात, चिकटतात आणि भोकं पाडून मारतात. माझे उंदीर बिल्कुल बरे झाले!”

ह्यांनाही तसलीच इंजेक्शनं चालू होती. मला इतका धीर आला, की मी बाईंसाठी चहा मागवला.

“आता कुठे असतात ते?”

“मारले की,” त्या मायेने म्हणाल्या. “बरे झालेलेच आधी. आत काय घडलं ते बघायला नको?”

तेवढ्यात आमचा नंबर आला. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. “भई वाह, गाँठ तो गायब! आपके केस की हम स्टडी करेंगे।”

मी ह्यांचा दंड धरला, तो सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरचं दार आतून लावल्यावरच सोडला.