भुशाची अंडी

सासऱ्यांची डावी भुवई जळाली ती जावयामुळे. हे घरात कोणालाच ठाऊक नाही असं जावयाला वाटत होतं, आणि त्याला ते गिळताही येईना नि बोलताही येईना.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं फोटोंना फ्रेमा केल्या. गावातले निम्मे आजोबा त्यांनीच काचेमागे सरळ बसवले होते. "जिवंतपणी एकही इतका सरळ बसला नसेल," असं म्हणायचे. वर्षातून एकदा मात्र दुकानाला कुलूप लावून, पाठीवर तंबू टाकून तळ्याकाठी चार दिवस एकटे राहून यायचे. तयारी महिनाभर आधीच सुरू. करवतीखालचा भुसा चाळून खडखडीत वाळवायचा, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये खळग्याखळग्यांत सैल भरायचा आणि जुन्या मेणबत्त्यांचं मेण वितळवून वरून ओतायचं. मग खळगे कापून सुटे करायचे. ओलसर लाकडांखाली एक ठेवलं की दहा-बारा मिनिटं हमखास जळतं. घरात त्यांना 'बाबांची अंडी' म्हणत.

यंदा हात थरथरू लागले. चहा कपापेक्षा सदऱ्यालाच जास्त मिळू लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, बरं होण्याचं नाव काढलं नाही. दुकान बंद झालं. उरलं ते तळं.

"बाबा, एकट्यानं जायचं नाही," मुलीनं बजावलं.

"मग कोणाला नेऊ? तुला? साधी पाल दिसली तर खुर्चीवर चढतेस."

"विषय बदलू नका. तिथे विस्तव तरी पेटवता येईल का तुम्हाला?"

"रविवारी अंगणात पेटवून दाखवतो."

"दाखवा. लाकडं हे मांडून देतील, पण काडी तुमची. पेटला तर खुशाल जा. नाही पेटला तर पुन्हा तळ्याचं नाव काढायचं नाही."

सासरे अंडी करायला बसले. निम्मा भुसा टेबलावर, मेण लेंग्यावर. जावयानं विचारलं, "मी भरू का?"

"नको, जावईबापू. तुम्ही वाऱ्याला आडोसा व्हा, तेवढी रुंदी आहे तुमची."

अंडी वाकडीतिकडी झाली. काहींत भुसा गच्च दाबला गेला होता. ती पेटतील असं जावयाला काही वाटेना. रविवारी सकाळी लाकडं मांडताना त्यानं दुकानातली टर्पेंटाइनची बाटली आणली आणि खालच्या अंड्यावर थोडं शिंपडायला गेला. शिंपडणं कसलं! बाटलीचं तोंड हे एवढं मोठं, भसकन ओतलं गेलं.

सासरे गुडघ्यांवर बसले. पहिली काडी मोडली. दुसरी हातातून उडाली. तिसरीचं गुल नुसतंच घासलं गेलं. मुलगी भिंतीकडे बघू लागली. चौथी पेटली! सासरे ती दोन्ही हातांत सांभाळत खाली वाकले, आणि भप्पकन जाळ थेट तोंडापर्यंत आला.

मुलीनं बादली ओतली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुपारी तिनं तंबू गुंडाळून कोणाला तरी देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी जावयानं ट्रेमधलं एक वाकडं अंडं गुपचूप परसात नेऊन पेटवलं. एका काडीत पेटलं. तो घड्याळ धरून बसला. बारा मिनिटं ते शहाण्यासारखं जळत राहिलं, आणि त्याला रडू आवरेना.

मग तो सासऱ्यांच्या खोलीत गेला. ते भुवईला मलम लावून खिडकीशी बसले होते.

"बाबा, त्यावर टर्पेंटाइन मी ओतलं होतं."

"माहीत आहे. चाळीस वर्षं त्याच वासात डबा खाल्लाय."

"म्हणजे वाकलात तेव्हाच वास आला?"

"आला की."

"अहो, मग काडी फेकून द्यायची! ट्रेमध्ये पंधरा अंडी होती. दुसरं घ्यायचं, दुसरी काडी ओढायची!"

सासऱ्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले.

"दुसरी पेटली नसती माझ्याच्यानं."