नानावर मी जळतो

नाना व्हायोलिन जुळवायला बसला की अमरावतीचे श्रोते खुशाल चहाला उठत. तो स्वतःच त्यांना पिटाळायचा, "जा बाप्पा, चहा घेऊन या. हे व्हायोलिनबाई अजून उठून नाही राह्यली!" आणि चहा पिऊन ते सगळे परत येत, हे माझं खरं दुखणं. अकोल्याला माझ्या कार्यक्रमातून चहाला उठलेला माणूस परत आल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघं एकाच गुरुजींचे शिष्य. मी अकोल्याच्या वकिलाचा मुलगा, तो अंजनगाव सुर्जीच्या शेतकऱ्याचा. माझं वाजवून झालं की गुरुजी "छान" म्हणत. नानाचं झालं की काहीच म्हणत नसत, नुसते डोळे मिटून बसून राहत. तेव्हापासून मी जळतोय. उगाच कशाला लपवू?

राजापेठेत एका ट्युशन क्लासच्या वर नानाची खोली. खाली गाड्यांचा कलकलाट, वर नाना मांडीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत बसलेला आणि समोर विद्यार्थी वाजवतोय. सूर ठीक असेपर्यंत नानाचा हात चालू. सूर ढळला की हात थांबला. झालं, एवढंच शिकवणं! पोरगं गडबडून सूर सावरी, की डाळ पुन्हा सुरू. कोणी फारच धावायला लागलं तर म्हणे, "काहून पळून राह्यला बे? सूर काय यष्टी आहे, सुटून जाईल?"

मीही अकोल्याला हा प्रयोग केला. सूप घेऊन बसलो आणि पहिल्याच चुकीला हात थांबवला. विद्यार्थिनीनं वाजवणं सोडून सुपात डोकावत विचारलं, "सर, खडे फार निघाले का?" आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. डाळ तिनंच उचलून नेली.

हेही मी गिळलं असतं. पण माझी केतकी कॉलेजसाठी अमरावतीला गेली आणि नानाकडे शिकायला लागली. लहानपणापासून माझ्या हाताखाली तयार झालेली पोर! महिन्याभरात तिचा फोन, "बाबा, नानाकाका म्हणतात, माझी मींड म्हणजे नुसती घसरगुंडी आहे." एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जायचं, ती मींड तिला शिकवली कोणी? मी! मला दोन घास जाईनात. तेव्हापासून एकच इच्छा धरून बसलो होतो: माझ्या लेकीनं नानाला विसरून एकदा तरी माझ्या वाजवण्याला 'वा' म्हणावं.

परवा नानाचा सत्कार झाला. पार तिवस्यापासून शिष्य आले होते. शाल-श्रीफळ झालं आणि लोक "वाजवा, वाजवा" करू लागले. नानाचा उजवा खांदा धरलेला, व्हायोलिनचा गज उचलवेना. माइक घेऊन म्हणाला, "माहा खांदा संपावर गेला राजेहो. पण माहा गुरुबंधू आला आहे न! अबे शरद, ये, तू वाजव."

मी यमन धरला. नाना खाली, मी वर! याचसाठी तर जन्मभर थांबलो होतो. सभागृह चिडीचूप झालं आणि शेवटी टाळ्या थांबेनात. मनात म्हटलं, नान्या, आज तुला मात दिली बघ!

खाली उतरलो तर केतकी धावत आली. डोळे भरलेले. माझ्या पाया पडली. "बाबा, आज तुम्ही..." मी जीव कानात आणून उभा.

"आज तुम्ही अगदी नानाकाकांसारखं वाजवलंत!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात मागून नाना आला.

"उलटं सांगून राह्यली पोरी. गुरुजीकडे तुहा बाप वाजवे, तवा मी एकटक त्याच्या हाताकडे पाहो. गज कसा धरावा, हे मी याच्यापासूनच शिकलो."

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. असं तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं, पण दिलं कोणी? त्यानंच! मेल्यानं मोठेपणातसुद्धा मला पुढे जाऊ दिलं नाही.