लाल ते सोडा, हिरवं ते वाचा

आता स्वतःची फजिती स्वतःच सांगायची म्हणजे… पण चहा ओतलाच आहे, तर ऐका!

मी नाशकात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मजकूर टाइप करायचं एक सॉफ्टवेअर आम्ही रंगांधळ्या लोकांना सोपं करतोय. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ आली, पण ज्याला लाल ओळखूच येत नाही त्याने काय करायचं? म्हणून रंगाच्या जोडीला एखादी खूण हवीच! हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगते, की मला बघितलं की लोक चहाला पळतात.

तर सटाण्याला माझ्या नणंदेचा, चिऊचा, साखरपुडा होता. मुलीचे वडील, म्हणजे माझे सासरे अण्णा, दोन शब्द बोलणार होते. अण्णा निवृत्त शिक्षक. जन्मभर श्रुतलेखन घातलेलं, त्यामुळे कागदावर असेल ते जसंच्या तसं वाचणार. लेकीबद्दल मनातलं ते कधी बोललेच नव्हते. एकदा तरी ते नीट बोलता यावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"मेघा, जरा आटोपशीर करून दे गं," म्हणाले.

आटोपशीर? भाषण होतं की पंचवार्षिक योजना! मी ते टाइप केलं. वगळायचं ते लाल, वाचायचं ते हिरवं. मधेमधे लाल अक्षरांत माझ्या सूचना. द्वारका चौकातल्या दुकानातून रंगीत प्रिंटसुद्धा आणली.

"अण्णा, लाल सोडायचं, हिरवं वाचायचं. कळलं ना?"

अण्णा कागदाकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "छान केलंयस हो." मला वाटलं, गहिवरले!

साखरपुड्याला अण्णा माइकपुढे उभे राहिले. "चिऊ शाळेला निघाली, की ती वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीत उभा राहायचो." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्यासुद्धा. आणि पुढचं वाक्य आलं, "इथे थांबा, चष्मा पुसा."

लोक हसले. मी घाबरून हातवारे करायला लागले. अण्णांना वाटलं, मागे ऐकू येत नाहीये. त्यांनी आवाज चढवला!

"मुलाच्या आत्याबाईंनी स्थळ कसं जमवलं ती गोष्ट नको. फार लांबते, आणि त्या आणखी फुगतील."

आत्याबाई पहिल्याच रांगेत! त्या रुसून उठल्या असत्या, तर चिऊचं अख्खं सासर मागोमाग उठलं असतं. चिऊचा चेहरा पांढराफटक पडला.

अण्णा मात्र पुढे वाचतायत. कुठलं वाक्य? मीच कौतुकाने राखून ठेवलेलं, "आमची सून रंगांधळ्या लोकांसाठी काम करते, याचा मला अभिमान आहे."

मी धावत स्टेजवर गेले. "अण्णा, ते आत्याबाईंचं लाल होतं!"

"असेल गं. मला लाल-हिरवं सगळं सारखंच दिसतं. म्हणून तर टोमॅटो दाबून घेतो." हे सगळं माइकवर!

आणि मी इतकी वर्षं समजत होते, सासरे भाजीच्या बाबतीत चिकित्सक आहेत.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू एवढ्या हौसेने रंगवलं होतंस. म्हटलं, पोरीचा हिरमोड कशाला?"

मला तिथेच रडू फुटलं. आणि आत्याबाई? पोट धरून हसत सुटल्या! "घरातला माणूस कळला नाय हिला, अन् म्हणे लोकांसाठी काम करते! लय भारी!" मग माइक घेऊन ती स्थळाची गोष्ट त्यांनीच सांगितली. पहिल्यापासून. पुऱ्या गार झाल्या, पण साखरपुडा वाचला.

येताना गाडीत अण्णा हळूच म्हणाले, "नुसती काट मारली असतीस, तरी चाललं असतं गं."

अहो, हेच तर मी ऑफिसात शिकवते! दुसऱ्या दिवशी ताठ मानेने गेले आणि शिकवण्याचा माझा तक्ता उघडून बघितला. चुकीची पद्धत लाल अक्षरांत होती, बरोबर पद्धत हिरव्या.