अण्णांचे चुरमुरे

आमच्या तळ्यात गाळ किती साठलाय ते कुणी मोजलं न्हाई. पण तळं कमिटीत किस्से किती साठलेत ते मला विचारा, सेक्रेटरी मीच हाय! लोक म्हणतात, "सर, तुमी सांगायलाव तवा लय हसू येतंय." हसा की. मला मात्र सांगताना अजून डोक्यात तिडीक जाते.

तळं आमच्या गल्लीच्या मागं, बसवकल्याणपासून लांब न्हाई. काठाला महादेवाचं देऊळ, म्हणून जाळं टाकायचं तर कमिटीचा ठराव पाहिजे. कमिटीत आम्ही सातजण. पाच जणांनी जन्मात मासा खाल्लेला न्हाई. उरले खाजाभाई अन् मी, अन् मी बी बाहेर खातो, घरात नव्हं. अध्यक्ष सिद्रामप्पा अण्णा, तुरीचे व्यापारी, कपाळाला भस्माची इबत, मनानं लोणी. अन् मासे धरायचा हक्क भीमाक्काचा. पावसाळ्यात माशांचं बीज सोडणार तीच, उन्हाळ्याच्या आत काढून विकणार तीच. तिच्या घरची चूल त्या तळ्यावर पेटते. म्हणजे मासे तिचे, अन् ठरवणार आम्ही!

*

बीज सोडायच्या दिवशी अण्णा घाटावर आले. भीमाक्काचे डबे बघून म्हणाले, "एवढंच? जीव सोडायलीस तर हात आखडता कामून? दुप्पट सोड!"

अक्का म्हणाली, "अण्णा, ताट हाय तेवढंच हाय. पाहुणे वाढवून कसं चालंल?"

अण्णा हसले. "देव वाढतो गं सगळ्यांना!"

दुप्पट बीज अण्णांनी स्वतःच्या खर्चानं आणलं, हार घालून सोडलं, वर फोटो काढला. फोटोत मी बी हाय, टाळ्या वाजवायलोय. तो फोटो बघितला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतंय.

*

मग सुरू झालं पुण्य! रोज सकाळी अण्णा चुरमुऱ्याची पिशवी घेऊन घाटावर. त्यांचं बघून सगळी गल्ली. कुणी चुरमुरे, कुणी पाव, एकानं तर पोरीच्या वाढदिवसाचा केक टाकला, मेणबत्तीसकट! पाणी हिरवंगार झालं, वास सुटला.

मी पदरमोड करून बोर्ड लावला. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही भाषांत: माशांना खाऊ टाकू नये. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर बोर्डाखाली एक बाई टोपलं मांडून चुरमुरे विकायलीय!

म्हणलं, "मावशी, वर काय लिवलंय?"

"लिवलंय काय ते मला म्हाईत न्हाई, सर. पर सावली लय झ्याक पडतीया!"

*

दिवाळीनंतर भीमाक्का मीटिंगला आली. म्हणाली, "मासे लय झाल्यात. वाढंनात, बोटाएवढेच राहिल्यात. आत्ता निम्मे काढू द्या, न्हाईतर उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक बी वाचणार न्हाई."

मला वाटलं, अण्णांना त्यांच्या भाषेत सांगावं. म्हणलं, "अण्णा, तूर दाट उगवली तर विरळणी करतो की न्हाई आपण? चार उपटली तर बाकीची जगते. हे बी तसंच."

अण्णांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "तुरीला डोळे असतात का?"

सगळ्या कमिटीनं माना डोलावल्या. मी तडकलो, "तुरीला नसतात अण्णा, पर कमिटीला तरी असावेत!" ते वाक्य मिनिट्समध्ये घ्यायचं न्हाई असा ठराव झाला. एकमतानं!

*

दरम्यान बगळे आले, पाणकावळे आले. भीमाक्का खूश! म्हणाली, "चला, कुणीतरी काम सुरू केलं."

पर अण्णांना ते बघवंना. "आपल्या तळ्यात हत्या?" दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब काढले अन् तीन दिवस फोडले. बगळे गेले, पाणकावळे गेले, देवळातला पुजारी कानात कापूस घालून आरती करायलाय!

अक्का म्हणाली, "बगळ्यांनी बी अर्ज द्यायला पाहिजे होता जणू."

*

शेवटी मी भांडभांड भांडलो तवा कुठं ठराव झाला: जाळं टाकायचं. फकस्त वार चांगला बघून!

सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, दोन मेंबर गाणगापूरला जाणार. शुक्रवारी खाजाभाईंचा जुम्मा. शनिवार मारुतीचा. रविवारी लेकरं मासे बघायला येतात, त्यांच्यासमोर कसं? राहिला बुधवार, तर त्या दिवशी अण्णांचा बाजार! अन् अध्यक्ष हजर नसतील तर जाळं पाण्यात जाणार न्हाई, हे ठरावातच लिवलेलं.

एक बुधवार कसाबसा जमवला, तर त्याच दिवशी येळवस, शेतातल्या पूजेची अमावस्या! सगळी कमिटी शेतात, अंबील पिऊन झाडाखाली आडवी.

भीमाक्का खांद्यावर जाळं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "सर, एकदा माशांना बी विचारा की. त्यांना कंच्या वारी मरायला जमतंय?"

"पुढच्या मीटिंगला घेतो" म्हणलं. लाज वाटली, पर म्हणलं तेच.

*

ऊन तापलं, पाणी उतरलं. एका सकाळी सगळे मासे वर आले. हजारो तोंडं पाण्याबाहेर, आ वासलेली. अण्णा घाटावरून ओरडायलेत, "अय्यो, बगा बगा! कसे दर्शनाला आल्यात! बोलवा रे सगळ्यांना!" गल्ली लोटली. पोतंभर चुरमुरे आले. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढायलेत, मासे आ वासायलेत!

भीमाक्का पळत आली. "भूक न्हाई ओ अण्णा! दम कोंडलाय त्यांचा! टाकू नका! आत्ताच्या आत्ता जाळं टाकू द्या, निम्मे तर वाचतील!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "आज वार कोणता, सर?"

"सोमवार," मी म्हणलं. का म्हणलं? जीभ झडली असती तर बरं झालं असतं!

"मग उद्या बघू," अण्णा म्हणाले.

*

उद्याला बघायला काय राहिलं न्हाई. काठापासून काठापर्यंत पांढरी पोटं. ज्यांनी पोत्यानं पुण्य कमावलं ते सगळे नाकाला रुमाल लावून खिडकीत. हात लावायला एक पुढं येईना! भीमाक्का अन् तिची जाऊ, दोघींनी टोपल्यानं काढून खड्ड्यात पुरले. दोन दिवस लागले.

कमिटीनं काय केलं? दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली! अन् ठराव: येत्या पावसाळ्यात तिप्पट बीज सोडावं. लिवला मीच. कागद फाटंस्तोवर पेन दाबून लिवला.

*

चौथ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो. अण्णा नेहमीच्या पायरीवर, हातात पिशवी. मूठ मूठ चुरमुरे टाकायलेत, अन् चुरमुरे पाण्यावर तसेच तरंगायलेत.

"एक बी येईना की," अण्णा म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

भीमाक्का खालच्या पायरीवर टोपलं धुवायली होती. ती उठली, हात पुसले, दोन पायऱ्या वर आली अन् अण्णांसमोर पदर पसरला.

"हितं टाका, अण्णा. ह्या तळ्यावर खाणारं आता मीच उरलेय."

अण्णांनी पाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. अन् हातातली मूठ पदरात सोडली.

अक्का तिथंच पायरीवर बसली अन् खाऊ लागली.