धारवाल्या चाचांनी वाचलेलं पातं

धारवाले चाचा हातात आलेल्या कुठल्याही पात्याला आधी नखाने टिचकी मारत आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून ऐकत. विळी असो की कोयता, तोवर कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे. "लोखंडाला आधी बोलू दे," म्हणत. तरुणपणी ते बोटीवर फिटर होते. पुढे रत्नागिरीत बंदराजवळ त्यांनी धार लावायचं दुकान टाकलं.

१९९९ साली मी बाबांबरोबर आमच्या घरची तलवार घेऊन त्यांच्याकडे गेले. बाबा निवृत्त शिक्षक. ही तलवार पेशवाईतली, पूर्वजांनी लढाईत चालवलेली, असं ते वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते. आता ती शाळेच्या प्रदर्शनात ठेवायची होती, म्हणून तिचं वय जाणकाराकडून पक्कं करून हवं होतं.

चाचांनी मुठीजवळचा गंज तेलाच्या फडक्याने पुसला. खाली पुसट इंग्रजी अक्षरं निघाली. "गुरुजी, मूठ आपल्याकडची, पातं विलायती. पात्यावरच्या या लांब खाचा बघा, टोकापर्यंत एकसारख्या. हे यंत्राचं काम. सव्वाशे वर्षांपलीकडे मी जाणार नाय."

"म्हणजे पेशवाईतली नाही?"

"नाय. लढाईही बघितली नाय हिने. धारेला कुठे दाता पडलेला नाय."

बाबा तलवार कापडात गुंडाळून घरी आले. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला चाचांचा राग आला. एवढं खरं सांगायची काय गरज होती?

तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः आमच्या दारात. "माझं बोलणं अर्धं राहिलं," म्हणाले आणि तलवार मागून घेऊन पातं उन्हात धरलं. "ही धार घरच्या दगडावर लावलीय. बरीच वर्षं, एकाच माणसाने. ओरखडे उलटे तिरके आहेत. डावखुरा असणार."

बाबांनी चष्मा चढवून ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "माझे आजोबा डावखुरे होते," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात धार लावत बसायचे. विसरूनच गेलो होतो मी."

प्रदर्शनात तलवारीखाली बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'पाते विलायती, वय अंदाजे सव्वाशे वर्षे. धार लावणारे – माझे आजोबा.'

पुढे नजर गेल्यावर चाचा लेकीकडे केळशीला राहायला गेले. बाबा वारले त्या वर्षी मी चाचांना भेटून आले. त्यांनी हळूच विचारलं, "बाय, गुरुजींच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं नव्हतं ना?"

मी सांगितलं, शेवटच्या आजारपणात बाबा त्यांच्या आजोबांच्याच गोष्टी सांगायचे, आणि प्रत्येक गोष्टीची सुरुवात तुमच्या नावाने करायचे. चाचांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.